रजा दोन, दिवस पाच: पुण्यातून फॅमिलीला घेऊन लांबच्या रोड ट्रिपला निघायचं तर

महाबळेश्वर झालं, अलिबाग झालं, दापोली पण झाली, आता जरा लांब जाऊया असं घरात चाललंय आणि रजा मात्र मोजून दोन-तीनच उरल्यात, अशा लोकांसाठी हे लिहितोय. गाडी स्वतःची (किंवा मेव्हण्याची), सोबत बायको/नवरा, एकदोन मुलं आणि बहुतेक वेळा आई-बाबा पण. एकट्या मित्रांच्या ट्रिपचे नियम इथे चालत नाहीत, तिथे रात्रभर चालवून सकाळी गोव्यात उतरता येतं, इथे आजीच्या गोळ्यांची वेळ असते आणि धाकट्याला घाट लागतो.

उदाहरण म्हणून एकच रूट धरतो, पुणे-विजापूर-बदामी-हंपी आणि येताना हुबळी-बेळगाव-कोल्हापूर. तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तरी पद्धत हीच.

सगळ्यात आधी: परत कधी यायचं

बहुतेक जण "कुठे जायचं" इथून सुरू करतात आणि मग दिवस कमी पडतात म्हणून शेवटच्या दिवशी सातशे किलोमीटर गाडी हाणतात. उलटं करा. गुरुवारी सकाळी लॉगिन आहे ना, मग बुधवारी दुपारी तीन-चारपर्यंत गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागली पाहिजे हे कागदावर आधी लिहा आणि तिथून मागे मागे येत प्लॅन करा. दुपारीच का, तर संध्याकाळी सहानंतर साताऱ्याकडून येताना खेड शिवापूर ते नवले पूल हा पट्टा कसा असतो ते पुणेकराला सांगायला नको. शिवाय कपडे धुवायचेत, डबे करायचेत, मुलांचा होमवर्क तसाच पडलाय.

आता रजा. कॅलेंडर काढा आणि मंगळवारी किंवा गुरुवारी येणाऱ्या सुट्ट्या शोधा, कारण शुक्रवार-सोमवारच्या सुट्टीला सगळं पुणे बाहेर पडतं, मंगळवारच्या सुट्टीला सोमवारची रजा टाकायचा आळस बरेच जण करतात. उदाहरणार्थ २६ जानेवारी २०२७ मंगळवारी आहे. शनिवार-रविवार २३-२४, सोमवारी २५ ला रजा, मंगळवारी सुट्टी, बुधवारी २७ ला अजून एक रजा. झाले पाच दिवस, गेल्या दोन रजा. हंपीसाठी जानेवारी उत्तमच, मे महिन्यात तिथले दगड इतके तापतात की दुपारी बाहेर पडायची सोय नसते.

मॅनेजरला महिनाभर आधी सांगा, शाळेची युनिट टेस्ट बघा, आणि जिथे जाताय तिथली साप्ताहिक सुट्टी बघा. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी, ताडोबाची सफारी मंगळवारी. पाच दिवसांत एक दिवस बंद दारासमोर फोटो काढण्यात घालवायला कुणालाच परवडत नाही.

किलोमीटर नाही, तास मोजा

मॅप जो वेळ दाखवतो तो न थांबता जाणाऱ्या गाडीचा असतो. त्यात चहा नाही, सू-ला जाणं नाही, "बाबा मला उलटी होतेय" नाही. मुलं आणि म्हातारी माणसं असली की मॅपच्या वेळेत सरळ तिसरा हिस्सा वाढवा. पुणे ते बदामी सोलापूरमार्गे साधारण ४८० किलोमीटर, मॅप नऊ तासांच्या आसपास म्हणेल, तुम्ही बारा धरा. मध्ये गोल घुमट बघायचा असेल तर त्याचे दोन तास वेगळे.

माझा नियम असा, गाडी हलत असलेला वेळ एका दिवसात आठ-नऊ तासांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि असा मोठा दिवस लागोपाठ दोनदा ठेवायचा नाही. चालवणारे दोघं असतील तर दर दोन तासांनी बदला, आणि ज्याला झोप येतेय त्याने "मी ठीक आहे" म्हणायचं नाही, स्टिअरिंग द्यायचं. दुपारी दोन ते चार हा जेवणानंतरचा वेळ सगळ्यात वाईट.

आणि अंधारात चालवायचं नाही. हे नुसतं भीती घालायला म्हणत नाही, कारण ठोस आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च साखर कारखान्यांचं गाळप चालू असतं, तेव्हा इंदापूर-टेंभुर्णी पट्ट्यात आणि तिकडे कराड-कोल्हापूर-निपाणी भागात उसाने फुगलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हायवेवर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि स्पीड सायकलचा. दिवसा ते लांबून दिसतं, रात्री समोरच्या गाडीच्या अपर लाइटमध्ये डोळे दिपलेले असताना एकदम बंपरपुढे येतं.

रूट: जायला एक, यायला दुसरा

गोल रूट घ्या. त्याच रस्त्याने परत आलं की येतानाचा दिवस नुसता कापायचा दिवस होतो. आपलं उदाहरण असं बसतं.

शनिवारी पहाटे पाचला घर सोडायचं. पाच म्हणजे पाचला गाडी गेटच्या बाहेर, साडेचारला अलार्म लावून पाचला चहा नाही. हडपसर झोपेत असतानाच ओलांडायचं, भिगवणच्या पुढे नाश्ता (उजनीच्या बाजूला जानेवारीत सकाळी धुकं असू शकतं, तिथे घाई नको), मग सोलापूर बायपास आणि बाराच्या आत विजापूर, म्हणजे आत्ताचं विजयपुरा, पाट्यांवर तेच नाव दिसेल. तिथे गोल घुमट. १६५६ च्या सुमारास पूर्ण झालेली मुहम्मद आदिलशहाची कबर, वर घुमटाच्या आतल्या गॅलरीत एका टोकाला कुजबुजलं की पलीकडे ऐकू येतं. मुलं खूश होतात, पण वर जायचा जिना अरुंद आहे आणि सात मजले चढायचेत, गुडघे दुखणाऱ्यांना खाली बागेत बसू दे. जेवायला साध्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाचटणी मिळते, आपल्या जिभेला अजिबात परकं वाटत नाही. मग कोल्हार-बागलकोट करत अंधार पडायच्या आत बदामी.

रविवारी सकाळी बदामीच्या लेण्या, ऊन चढायच्या आधी, कारण पायऱ्या आहेत. तिसऱ्या लेणीत इ.स. ५७८ चा शिलालेख आहे, चालुक्य मंगलेशाने कोरवलेला, त्याचा भाऊ कीर्तिवर्मा राजा असतानाचा. माकडं फार आहेत, हातात खाऊची पिशवी दिसली की गेलीच. नंतर वीसेक किलोमीटरवर पट्टदकल, हे १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आणि मग ऐहोळे. इथे मी सांगतो ते थोडं कटू आहे, लहान मुलं असतील तर पट्टदकल आणि ऐहोळे यातलं एकच करा. दोन्हीकडे देवळंच आहेत आणि सहा वर्षांच्या पोराला दुपारी दोन वाजता चौदावं देऊळ दाखवून काही साध्य होत नाही. दुपारी निघून साधारण १४० किलोमीटरवर होसपेट, तिथे मुक्काम. हंपी तिथून तेरा-एक किलोमीटर, आणि फॅमिलीसाठी हॉटेलं होसपेटला जास्त.

सोमवार अख्खा हंपीला. विरूपाक्ष मंदिर सकाळी, मग राणीवसा आणि कमलमहाल, आणि ऊन उतरल्यावर विठ्ठल मंदिर, तोच दगडी रथ जो पन्नासच्या नोटेवर आहे. तिकडे गाडी देवळापर्यंत जात नाही, अलीकडे पार्किंगला लावून बॅटरीच्या गाडीने जायचं किंवा चालायचं, रांग लागते म्हणून वेळ धरून जा. मंगळवारी सकाळी अजून काही राहिलं असेल तर तास-दोन तास, मग साडेदहा-अकराला निघून गदग-हुबळी-बेळगाव करत कोल्हापूर. साधारण ३६० किलोमीटर, नाश्ता दाबून केला असेल तर उजेड संपायच्या सुमारास पोचता येतं. उशीर होतोय असं वाटलं तर सरळ बेळगावला थांबा, हट्ट नको. बुधवारी सकाळी अंबाबाई, मिसळ, आणि तिसऱ्या प्रहरी पुण्यात.

आता या सगळ्यात एक वाक्य घुसतं, "एवढं जातोच आहोत तर". एवढं सोलापूरवरून जातोच आहोत तर तुळजापूर करू, पंचेचाळीस किलोमीटर तर आहे. जायचे पंचेचाळीस, यायचे पंचेचाळीस आणि सुट्टीच्या दिवशीची दर्शनाची रांग, म्हणजे शनिवार तिथेच संपला आणि बदामीला रात्री दहाला. आई-बाबांना नाही म्हणणं जड जातं हे मान्य, पण मग गोल घुमट सोडा. एक घालायचं तर एक काढायचं, आणि हे घरी बसून ठरवायचं, मोहोळच्या पुढे गाडीत नाही. मी तर प्रत्येकाला आधीच विचारून ठेवतो की तुझी एकच गोष्ट सांग जी झालीच पाहिजे, मुलांनासुद्धा. स्विमिंग पूलवालं हॉटेल ही मागणी आली तर ती पण खरी मागणी आहे, चेष्टा करायची नाही.

बुकिंग

पहिल्या रात्रीचं आणि सगळ्यात गर्दीच्या ठिकाणचं बुकिंग पक्कं करा, बाकीचं फ्री कॅन्सलेशनवालं घ्या. फोन करून तीन गोष्टी विचारायच्याच: पार्किंग आत आहे का रस्त्यावर, खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट आहे का, आणि गरम पाणी किती ते किती. "चोवीस तास गरम पाणी" लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात सहा ते आठ या वेळातच बादली मिळते. पाच माणसांना एका खोलीत एक्स्ट्रा बेड म्हणजे नेमकं काय, गादी की खाट, तेही विचारा.

गाडी

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नको, आठ-दहा दिवस आधी करा. मेकॅनिकने काही ढिलं ठेवलं असेल तर ते पुण्यातच कळेल, बागलकोटच्या पुढे नाही. टायर, ब्रेक, कूलंट, बॅटरी, वायपर, आणि स्टेपनी. स्टेपनीत हवा असते का हे कुणी बघत नाही. जॅक आणि पाना गाडीत आहे ना, आणि चाक काढता येतं का हे पार्किंगमध्ये एकदा करून बघा, पहिल्यांदा नट सोडवताना पाय देऊन उभं राहावं लागतं. हवा टायर थंड असताना भरायची. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो, त्यावर फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर तो बघायचा, पंपावरच्या पोराला "तीसबत्तीस मार" सांगून मोकळं व्हायचं नाही.

सीएनजीवाल्यांनी दोन गोष्टी धरा. डिकीत सिलिंडर, म्हणजे सामानाला अर्धीच जागा. आणि गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, म्हणजे पहाटे मोठ्या कष्टाने झोपवलेलं पोरगं उठलं. घरून आदल्या रात्री फुल करून निघा, पेट्रोलची टाकी पण भरलेली ठेवा आणि सोलापूरच्या पुढे गॅस मिळाला तर बोनस समजा.

फास्टॅग, कागद, पैसे

फास्टॅगचं केवायसी झालंय का आणि बॅलन्स आहे का हे दोन दिवस आधी बघा, टोलच्या रांगेत उभं राहून रिचार्ज केला तर तो दिसायला वेळ लागतो आणि मागचे हॉर्न मारतात. टॅग चालला नाही तर टोल जास्त बसतो, नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅशला दुप्पट आणि यूपीआयने दिला तर सव्वापट असा नियम होता. वर्षाचा पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या असा होता. तो फक्त नॅशनल हायवेच्या टोलला चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसारख्या राज्याच्या रस्त्यांवर नाही, त्यामुळे पास असला तरी वॉलेटमध्ये पैसे ठेवा. सोलापूरपर्यंतच पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे चार टोल लागतात, येतानाचे वेगळे, म्हणजे वर्षातून अशा दोन-तीन ट्रिपा आणि अधूनमधून गावाला जाणं असेल तर पास विचार करण्यासारखा आहे.

आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये टाका, पीयूसीची तारीख मधल्या दिवसात संपत नाही ना बघा. पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. हा गोल रूट इकडेतिकडे फिरण्यासकट १,३५० किलोमीटर धरा, गाडी भरलेली असताना लिटरला १५ देते म्हटलं तर ९० लिटर, १०५ रुपये भाव धरला तर साडेनऊ हजाराच्या आत. त्यात टोल, चार मुक्काम, जेवणं, तिकिटं, आणि वर दहा टक्के असेच. सुट्टे पैसे आणि थोडी कॅश असू द्या, खेड्यात पंक्चरवाल्याकडे नेटवर्कच नसतं.

सामान आणि खाणं

मोठ्या चार बॅगा करू नका. जवळपास रोज मुक्काम बदलतोय, मग रोज चार बॅगा चढवायच्या-उतरवायच्या कुणी? प्रत्येक मुक्कामाची एक पिशवी करा, त्यात सगळ्यांचे त्या रात्रीचे आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे, ती तेवढीच वर न्यायची. ज्या पिशवीचा नंबर शेवटी ती डिकीत सगळ्यात आत. औषधं, टॉवेल, चार्जर, पाणी आणि उलटीच्या पिशव्या डिकीत नाही, सीटपाशी.

पहिल्या दिवसाचा डबा घरून. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, दशम्या, सोबत कोरडी चटणी, हे संध्याकाळपर्यंत टिकतं. बटाट्याची भाजी ओली असेल तर दुपारच्या आत संपवा. वेफर्सच्या पाकिटांवर मुलं दिवस काढतात आणि मग संध्याकाळी पोट धरून बसतात, त्यापेक्षा भडंग, चिक्की, केळी.

गाडी लागणाऱ्यांना निघताना उपाशी ठेवू नका आणि गच्च पण भरू नका, दूध तर नकोच. त्यांना मोबाईल-पुस्तक बंद, नजर पुढे रस्त्यावर, काच थोडी खाली, आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात. गोळी द्यायची तर ती निघायच्या आधी द्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि मुलांना किती द्यायची ते डॉक्टरांना विचारून. आमच्याकडे जुन्या पातळ टॉवेलचे तुकडे आणि कॅरीबॅगा सीटच्या मागच्या खिशात कायमच्या असतात. मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा, आणि बाळाला पुढे मांडीवर घेऊन बसणं अजिबात नाही, आजीने कितीही "मी धरते घट्ट" म्हटलं तरी.

टॉयलेटचा प्रश्न बायकांना जास्त छळतो आणि प्लॅन करणारा बहुतेक वेळा पुरुष असतो म्हणून तो प्लॅनमध्ये नसतो. मोठा फूड मॉल किंवा नवा पेट्रोल पंप दिसला की गरज असो नसो थांबायचं, "पुढे बघू" नाही. पुढे चाळीस किलोमीटर नुसता ऊस असतो. टॉयलेट पेपर, साबणाची कागदी पानं आणि पाण्याची जादा बाटली बरोबर ठेवा.

रस्त्यावर

ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा. मॅपने हायवे सोडून गावातून "बारा मिनिटं लवकर" असा रस्ता दाखवला तर ऐकू नका, त्या बारा मिनिटांत शाळा सुटते, म्हशी येतात आणि एखादी वरात. मुक्कामाला पोचल्यावर पेट्रोल त्याच संध्याकाळी भरायचं म्हणजे सकाळी थेट निघता येतं. आणि रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसून दुसऱ्या दिवसातली एक गोष्ट कापायची तयारी ठेवा. कोण थकलंय, कुणाचं पोट बिघडलंय ते बघून. हंपी एका दिवसात पूर्ण होत नाही, होतं असं अभ्यासक पण म्हणत नाहीत, मग आपण दमछाक करून काय मिळवणार.

ऑफिसचा लॅपटॉप घरी ठेवा. "फक्त एक कॉल" घेणारा माणूस गदगच्या अलीकडे रेंज शोधत गाडी थांबवायला लावतो आणि बाकी चौघं उन्हात.

पुण्यात पोचल्यावर सामान वर नेण्याआधी गाडीतला ओला टॉवेल, केळ्याची सालं, अर्धवट पाण्याच्या बाटल्या काढा, गुरुवारी सकाळी त्या वासात कुणाला हिंजवडीपर्यंत जायचं नसतं. आणि दोन दिवसांनी फास्टॅगचं स्टेटमेंट बघा, एकाच टोलचे दोनदा पैसे कापले गेलेले असू शकतात, तसं दिसलं तर टॅग ज्या बँकेचा आहे तिथे किंवा नॅशनल हायवेच्या १०३३ वर तक्रार टाका.